नाशिक रोड ते सातपूर : एका लिटरचा हिशेब

१ डिसेंबर २०२४, रविवार

नाशिक रोडहून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत रोज ये-जा करणारी माझी गाडी शहरात लिटरला सरासरी १३.४ किलोमीटर देते, आणि पेट्रोलने शंभरी कधीच ओलांडलेली असल्यामुळे हा आकडा आता नुसता बघत बसण्यासारखा राहिलेला नाही. गाडी २०१६ सालची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, हाताने गिअर टाकण्याची हॅचबॅक आहे. एका बाजूचे अंतर सुमारे सोळा किलोमीटर असून रस्ता बिटको चौक, दत्तमंदिर, उपनगर, द्वारका, मुंबई नाका, मायको सर्कल, एबीबी सर्कल असा जातो. म्हणजे शहरातले बहुतेक नामांकित खोळंबे या एकाच वाटेवर आहेत.

कंपनीने जाहीर केलेले ॲव्हरेज वीसच्या पुढे आहे, पण म्हणून फसवणूक झाली असे मानण्याचे कारण नाही. तो आकडा चासी डायनॅमोमीटरवर, म्हणजे प्रयोगशाळेत रोलरवर चाके फिरवून, एसी बंद ठेवून, ११८० सेकंदांच्या ठरावीक चक्रात काढलेला असतो आणि त्या चक्रातला सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो. द्वारकेचा चौक त्या चक्रात नाही. त्यामुळे माझी तुलना माझ्याच गाडीच्या आजच्या आकड्याशी राहील.

मापनाची पद्धत आधी ठरवून घेतली आहे. टाकी दर वेळी एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पहिल्या ‘टक्’ आवाजापर्यंतच भरायची. नोझल कधी अलीकडे तर कधी पलीकडे बंद होते आणि त्यात अर्धा-पाऊण लिटरचा फरक सहज पडतो; तीस लिटरच्या टाकीवर ही दोन-अडीच टक्क्यांची चूक झाली. कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करीत असल्यामुळे गेजच्या अल्पतम मापापेक्षा लहान फरकावर मी सही करीत नाही, आणि इथेही करणार नाही. लहान फरक शोधण्यासाठी ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतील बिघाड-तपासणीच्या जोडणीत) बसणारे ब्लूटूथ यंत्र घेतले आहे. त्यातून इंजिनाचे तापमान, फेरे आणि दर तासाला जळणारे पेट्रोल मोबाइलवर दिसते.

दोन बंधने स्वतःवर घालून घेतली आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, म्हणून जे लावायचे ते हाताने काढता येईल असेच असेल. आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद करून ती घरंगळत नेण्याचा प्रयोग होणार नाही, कारण इंजिन थांबले की ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत रिकामा होतो आणि स्टिअरिंगही जड पडते.

८ डिसेंबर २०२४, रविवार

पहिले काम टायरमधील हवेचे. पंपावरच्या हवेच्या काट्यावर विश्वास ठेवण्याचे सोडून कारखान्यातील तपासून घेतलेला गेज घरी आणला आणि सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, चारही टायर मोजले. पंपावर ज्यांची नोंद ३० अशी झाली होती ते प्रत्यक्षात २५ ते २७ पीएसआयच्या दरम्यान निघाले. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो, त्यामुळे दिवाळीत भरलेली हवा डिसेंबरच्या थंडीत तशीही उतरलेलीच असते.

दाब वाढवल्याने नेमके काय होते हे पाहण्यासाठी ओझरजवळच्या जानोरी रस्त्यावरील एक सरळ, सपाट पट्टा निवडला. ताशी साठवर गाडी न्यूट्रल करायची आणि वेग चाळीसवर येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. वारा आणि चढ-उतार यांचा परिणाम वजा व्हावा म्हणून हेच उलट दिशेनेही करायचे. कमी हवेवर सरासरी २७ सेकंद लागले, तर दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे दाब केल्यावर २९ च्या थोडे वर. दोन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्याचा अर्थ गाडीला अडवणारे एकूण बल सात टक्क्यांच्या आसपास घटले असा होतो. स्टिकरपेक्षा बरीच जास्त हवा भरून आणखी लाभ उठवण्याचा सल्ला मी मानणार नाही. पकड आणि ब्रेकचे अंतर यांवर पाणी सोडून वाचवलेले पेट्रोल परवडणारे नाही.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

पहाटे निफाडकडचे गारठ्याचे आकडे बातम्यांत येऊ लागले आहेत आणि नाशिक रोडलाही सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो. थंड इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जादा पेट्रोल देतो, घट्ट झालेले ऑइल फिरवण्यातही शक्ती जाते, आणि सोळा किलोमीटरच्या प्रवासात या थंड काळाचा वाटा मोठा असतो. म्हणून बंपरखालची जाळी अर्धी झाकली.

त्यासाठी लागणारे सनपॅकचे (प्लॅस्टिकचे) पत्रे बाजारातून आणावे लागले नाहीत. विधानसभा निवडणुकीचे प्रचारफलक गल्लीत अजून पडून होते, त्यांपैकी एकाचा खालचा भाग कापला, उमेदवाराची बाजू आत आणि पांढरी बाजू बाहेर ठेवून प्लॅस्टिकच्या टायने जाळीला बांधला. यापूर्वी इंजिनाचे तापमान ८० अंशांवर जायला जवळपास द्वारका येत असे, आता उपनगरच्या पुढेच ते गाठले जाते. कूलंटचे तापमान नेहमीच्या मर्यादेत आहे आणि पंखाही पूर्वीइतकाच चालतो. हा पत्रा फेब्रुवारीच्या मध्याला काढायचा आहे. मार्चच्या उन्हात तो ठेवणे म्हणजे रेडिएटरचा गळा आवळणे होईल.

५ जानेवारी २०२५, रविवार

आजची नोंद लांबणार आहे, कारण आतापर्यंतचा सर्वांत मोठा शोध हा आहे आणि तो कोणत्याही सुधारणेच्या यादीत नव्हता.

हवा नीट केल्यावरही जानोरीच्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये किंचित उजवीकडे ओढली जात होती. परतल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन पाहिला, तर पुढच्या उजव्या चाकाजवळ हात धरवेना. कारखान्यातील इन्फ्रारेड थर्मामीटरने दुसऱ्या दिवशी मोजले तेव्हा, शेवटचा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता आणलेल्या गाडीच्या डाव्या डिस्कचे तापमान ६४ अंश आणि उजव्या डिस्कचे ११८ अंश निघाले. ही उष्णता पेट्रोलमधूनच आलेली आहे, दुसरीकडून येण्याचा मार्गच नाही.

देवळाली गावातील गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेतली. मेस्त्रींनी डावे चाक हाताने फिरवले, ते दोन-अडीच फेरे फिरले. उजवे अर्ध्या फेऱ्यातच थांबले. “साहेब, ब्रेक धरून राहिलाय. कॅलिपरच्या पिना सुकल्यात,” असे म्हणून त्यांनी कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उतरवले. त्यातील खालची पिन रबरी टोपीखाली गंजून तपकिरी झाली होती आणि तिच्यावरच्या ग्रीसचे चिकट, काळे खडे झाले होते. त्यामुळे पाय उचलल्यावरही आतील पॅड डिस्कला चाटतच राहत होते. हा पॅड झिजून बाहेरच्या पॅडच्या निम्माच उरलेला दिसला. पिना पॉलिश पेपरने साफ केल्या, फाटलेली टोपी बदलली, ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावले आणि पॅडची जोडी नवी टाकली. साधे ग्रीस तिथे चालत नाही, ते रबर फुगवते. मेस्त्रींनी हे न विचारता सांगितले, म्हणून यापुढचे कामही त्यांच्याकडेच जाईल.

आज पुन्हा जानोरी. साठ ते चाळीससाठी आता ३२ सेकंद लागतात आणि गाडी सरळ जाते. मायलेज वाढवणारी उपकरणे शोधण्यापूर्वी प्रत्येक गाडीवाल्याने लांबच्या फेरीनंतर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

यंत्राने जमवलेल्या आकड्यांवरून एका फेरीचा हिशेब मांडला. इंजिन गरम असताना जागेवर उभ्या गाडीत तासाला ०.७ लिटर पेट्रोल जळते. सिग्नलला आणि कोंडीत मिळून पाव तासाच्या आसपास थांबणे होते, म्हणजे १७०-१८० मिलिलिटर तिथेच गेले.

दुसरा खर्च थांबण्याचा नसून थांबवण्याचा आहे. माणसासह साधारण १०५० किलो भरणारी गाडी ताशी ५० वर असताना तिच्यात सुमारे १०० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. इंजिन पेट्रोलातील ऊर्जेचा चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते असे धरले, तर एवढा वेग निर्माण करण्यासाठी १३ मिलिलिटर पेट्रोल लागते. लाल दिवा पाहून पन्नासवरून पूर्ण थांबलो, की पोह्याच्या चमच्याभर पेट्रोल ब्रेकच्या डिस्कवर ओतले गेले. माझ्या वाटेवर असे थांबे वीसच्या घरात आहेत, आणि त्यांतले निम्मे तरी टाळण्यासारखे आहेत.

यानुसार दोन सवयी सुरू केल्या आहेत. जिथे सिग्नलच्या खांबावर उलटे आकडे दिसतात आणि ते तीसपेक्षा जास्त असतात, तिथे इंजिन बंद करायचे. पुन्हा चालू करायला लागणारे पेट्रोल दहा सेकंदांच्या आयडलिंगपेक्षा जास्त नसते. आणि लांबून लाल दिसला की गिअरमध्येच पाय उचलायचा.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

मधल्या काळात गाडी काही दिवस सौभाग्यवतींकडे होती. त्यांची शाळा महात्मानगरला आहे, वाट बहुतांशी तीच, आणि सवयींचा हा सारा अभ्यास त्यांनी केलेला नाही. तरीही त्यांच्या टाकीचा आकडा माझ्यापेक्षा लिटरमागे एक किलोमीटरने जास्त आला. “अहो, मी पावणेसातला निघते, तेव्हा द्वारकेला कुत्रंसुद्धा नसतं,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण होते.

ते तपासण्याजोगे होते, म्हणून मी सव्वाआठऐवजी साडेसातला निघू लागलो. सवयी त्याच, गाडी तीच, हवा तीच, आकडा १५.१ वरून १६.२ वर गेला. माझ्या सर्व फेरफारांमध्ये सर्वांत स्वस्त फेरफार घड्याळाचा निघाला आहे, फक्त त्यामुळे कँटीनचा पहिला चहा माझ्या वाट्याला येऊ लागला आहे आणि तो दुसऱ्यापेक्षा बराच पाणचट असतो.

जाळीवरचा पत्रा आज उतरवला.

२ मार्च २०२५, रविवार

गिअरविषयी लिहिणे राहिले होते. इंजिन कमी फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी भाराखाली सर्वाधिक कार्यक्षम असते, कारण थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जेवढा बंद तेवढी हवा ओढण्यासाठीच इंजिनाला झटावे लागते. म्हणून हळूहळू, तिसऱ्याच गिअरमध्ये रेंगाळत वेग वाढवणे ही काटकसर नाही. मी आता बेताचा दाब देऊन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास वरचा गिअर टाकतो आणि पन्नासला चौथ्यात, रस्ता मोकळा असेल तर पाचव्यात असतो. इंजिन घरघरू लागले तर मात्र गिअर खाली आणायचा. थडथडत्या इंजिनात पेट्रोल वाचत नाही, क्लच आणि माउंटिंगचे आयुष्य तेवढे कमी होते.

१६ मार्च २०२५, रविवार

ठाण्याला जाताना कसारा घाटात एका जुन्या वादाचा निकाल लावून घेतला. टॅक्सीवाल्यांपासून नातेवाइकांपर्यंत अनेकांचा आग्रह असतो, की घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली म्हणजे पेट्रोल वाचते. कार्ब्युरेटरच्या काळात यात काही तथ्य असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असून पाय पूर्ण उचललेला असेल, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि ईसीयू इंजेक्टर बंद करतो. तिसऱ्या गिअरमध्ये उतरताना मोबाइलवर दर तासाचा आकडा ०.०० दाखवत होता. मोकळ्या सरळ भागात, मागे कोणी नसताना, क्षणभर न्यूट्रल केले तर तोच ०.७ वर गेला. म्हणजे ज्याला लोक बचत समजतात त्यात पेट्रोल जळते, वर ब्रेक तापतात आणि घाटात गाडी ताब्यात राहत नाही ते वेगळेच.

इगतपुरी ते कसारा उंचीचा फरक सुमारे ३०० मीटर आहे. चौघांसह साडेअकराशे-बाराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला, इंजिनाची कार्यक्षमता धरून, ४०० मिलिलिटरपेक्षा जास्त पेट्रोल लागते. याच घाटात (त्याला थळ घाटही म्हणतात) रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे आणि तिथे गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात, यावरून या चढाची किंमत लक्षात यावी. वर चढताना दिलेले हे पेट्रोल उतारावर परत मिळवायचे असेल, तर घाटाच्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच पाय हलका करून मग गिअरमध्ये उतरायचे, एवढाच मार्ग आहे.

६ एप्रिल २०२५, रविवार

गेल्या दोन टाक्यांत आकडा ३ टक्क्यांच्या आसपास घसरला, आणि सवयींत तसे काही बदललेले नाही. यंत्रात ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ जानेवारीत अधिक २ टक्के होता, तो आता अधिक ५ च्या पुढे आहे. म्हणजे ईसीयूला मिश्रण नीट ठेवण्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोल सोडावे लागते आहे. संशय पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलवर गेला.

तो पडताळण्याची रीत सोपी आहे. १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात २० मिलिलिटर पाणी आणि ८० मिलिलिटर पेट्रोल घेतले, अंगणात, चुलीपासून आणि स्विचपासून दूर, झाकण लावून हलवले आणि दहा मिनिटे स्थिर ठेवले. इथेनॉल पेट्रोलपेक्षा पाण्याशी जास्त सलगी करते, त्यामुळे ते खालच्या पाण्यात उतरते. पाण्याची रेघ २० वरून चढून ३६ च्या जरा खाली थांबली. ८० मध्ये जवळपास १६, म्हणजे हे पेट्रोल ई२०, वीस टक्के इथेनॉलचे, आहे. वापरलेले पेट्रोल अर्थातच परत टाकीत टाकलेले नाही.

इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल आणि पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, त्यामुळे ई१० वरून ई२० वर गेल्यावर साडेतीन टक्क्यांची घट केवळ गणितानेच येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के, तर ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या गाड्यांमध्ये १ ते २ टक्के घट अपेक्षित धरली आहे. ही घट पायाच्या सवयीने भरून काढण्यासारखी असली, तरी तिला गाडीचा दोष म्हणून गॅरेजमध्ये पैसे घालू नयेत.

११ मे २०२५, रविवार

एसीचा खर्च उभ्या गाडीत स्पष्ट दिसतो : तासाला ०.७ चे १.१ लिटर होते. शहरातील वेगाला सकाळी काचा उघड्या ठेवणे स्वस्त आहे आणि महामार्गावर एसी, कारण उघड्या काचांमुळे वाढणारा हवेचा विरोध वेगाबरोबर चढत जातो. संध्याकाळी सातपूरहून निघताना गाडीच्या आतली हवा भट्टीची असते, तेव्हा पहिली दोन मिनिटे काचा उघडून ती बाहेर घालवतो आणि मग एसी लावतो. गाडी आता कारखान्यातील कडुनिंबाखाली लावतो. सावलीची जागा साडेसातला निघणाऱ्यालाच मिळते.

२९ जून २०२५, रविवार

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा या महिन्यात खुला झाला आणि सगळीकडे मुंबई किती तासांत गाठली याचीच चर्चा आहे. माझा रस त्याच रस्त्याच्या दुसऱ्या, सपाट भागात होता. गोंदे ते शिर्डी या पट्ट्यात, जाताना आणि येताना, जीपीएसवर वेग स्थिर ठेवून एसीसह नोंदी घेतल्या. ताशी ८० ला लिटरमागे २२.१ किलोमीटर, १०० ला १७.९ आणि ११८ ला १४.६.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे यात अनपेक्षित काही नाही. पण शंभर किलोमीटरच्या भाषेत मांडले की तो डोळ्यांत भरतो. ८० ऐवजी १०० ने गेल्यास पंधरा मिनिटे वाचतात आणि एक लिटर जास्त जाते. १०० ऐवजी ११८ ने गेल्यास नऊच मिनिटे वाचतात आणि सव्वा लिटर जाते. पहिला सौदा घाई असेल तर मी करीन. दुसरा करणार नाही. ज्यांचे छतावरचे कॅरिअर लग्नसराईनंतर उतरवायचे राहून जाते, त्यांनी ते या रस्त्यावर जाण्यापूर्वी उतरवावे. शहरात त्याचे वजन फारसे जाणवत नाही, इथे मात्र ते वाऱ्याला आडवे उभे राहते.

२० जुलै २०२५, रविवार

जे निष्फळ ठरले तेही नोंदवून ठेवतो. एअर फिल्टर बदलल्याने टाकीच्या आकड्यात मोजता येण्याजोगा फरक पडला नाही, आणि तो पडायलाही नको होता : इंजेक्शनच्या इंजिनात फिल्टर तुंबला तर थ्रॉटल तेवढा जास्त उघडावा लागतो, मिश्रणाचे प्रमाण तेच राहते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये हेच मोजून दाखवले होते. तुंबलेल्या फिल्टरने गाडीची उठाव घेण्याची ताकद कमी झाली, मायलेज नाही. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडपैकी पातळ ऑइल घातल्यावर सकाळी इंजिन हलके फिरते, पण त्याचा लाभ माझ्या अडीच टक्क्यांच्या चाळणीतून खाली पडतो. पेट्रोलच्या नळीला बांधायचे चुंबक मित्राने आग्रहाने दिले होते, ते आता फ्रिजच्या दारावर बिलांचे कागद धरून आहे. डिकीतून काढलेल्या अडगळीचे वजन अठरा किलो भरले. त्याचा आकडा वेगळा दिसला नाही, पण डिकी मात्र दिसू लागली.

पावसाळ्यात खड्डे आणि रस्त्यांची कामे यांमुळे वाहतूक रेंगाळते, तरी ई२० वर शहरातला आकडा १६.३ आणि १६.६ च्या दरम्यान टिकून आहे. पुढचे काम टायरचे आहे, कारण सध्याच्या जोडीची नक्षी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपेल. कमी घर्षणाचे टायर घ्यावेत असे मनात आहे, पण ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कशी आहे हे पाहिल्याशिवाय नाही. त्यांचे माप टाकीवर घेण्यात अर्थ नाही. तो निकाल जानोरीच्या रस्त्यावर ३२ सेकंदांशीच लागेल.